बिरुदेव आचाऱ्याची पंगत

“लिवलंय ते लिवलंय. माज्या पदरचं एक अक्षर न्हाय त्यात.”

“लिवलंय म्हणून माज्या भावाला लग्नाचं बोलवणं न्हाय?”

“भावाला न्हाय, सोयऱ्याला न्हाय, पैसेवाल्या शेजाऱ्याला न्हाय. तुज्या एकटीच्या भावाचं नाव काढलंय व्हय त्यात? माजंबी भाऊ न्हाईत यायचं.”

“तुमचं भाऊ! आपल्या दारात थुकायला सुदीक येत न्हाईत ते. त्यांना न बोलवायला तुमचं काय जातंय ओ?”

“तोंड सांभाळ, ताने.”

“आदी तुमी माजा भाऊ सांभाळा.”

तानाबाईनं पिठाचा गोळा परातीत असा आपटला की ओट्यावरची शेंगा चटणीची बरणी हलली. बिरुदेव तिच्यापासून दोन हातांवर, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसला होता. मांडीवर उघडं बायबल, आणि उजव्या हाताचं बोट एका ओळीखाली. भांडण सुरू झाल्यापासून ते बोट हललं नव्हतं.

दारात पूनम उभी. लॅबचा पांढरा कोट अजून अंगातच. दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढून ती घरी आली होती आणि घरात हे. लग्न तिचंच होतं. नवरा मोडनिंबचा सिद्धराम, तोही बिरुदेवसारखा घरातला पहिलाच ख्रिस्ती, मोबाईल टॉवरच्या दुरुस्तीवर कामाला. मुलगा चांगला होता. तारीख ठरली होती, मांडव ठरला होता. आता पाहुणे ठरत होते.

“आप्पा, मामाला काय सांगायचं?”

“सांगायचं, आमच्या शास्त्रात बसत न्हाय.”

“बसत नाही म्हणजे? मामा काय सोफासेट आहे?”

तानाबाईला हसू आलं, आणि हसू आलं याचाच तिला जास्त राग आला. “हिकडं आना ते. परत वाचा. माज्या कानानं ऐकू द्या.”

बिरुदेवनं वाचलं. तो वाचायचा ते पाट्यावर मसाला वाटल्यासारखं, एकेक शब्द रगडून. मतलब असा होता, की जेवण घालशील तेव्हा जे तुला उलट जेवायला बोलावतील अशांना बोलावू नको. गरिबांना बोलाव, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. त्यांच्याकडं फेडायला काही नसतं, म्हणूनच त्यांना बोलाव.

“संपलं,” तो म्हणाला. “ह्यात कुटं गाठ हाय, सांग.”

“मटनाला मीठ टाकताना कदी मोजून टाकलं न्हाई तुमी. सगळा अंदाज. मिठाला अंदाज चालतो आन् देवाच्या शब्दाला न्हाय चालत?”

“मीठ माजं हाय. शब्द त्याचा हाय.”

तानाबाईनं भाकरी थापायला घेतली आणि ती भाकरी फाटली.

*

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास मांडवाचं सामान भाड्यानं देणाऱ्या कुणालाही विचारा, बिरुदेव आचारी माहीत आहे. सकाळी लिंगायतांच्या लग्नात गव्हाची गोड हुग्गी आणि संध्याकाळी दुसऱ्या मांडवात काळं मटण. भांडी वेगळी, हात तोच. मीठ मुठीनं, तिखट डोळ्यानं आणि पाणी आवाजानं. पातेल्याला कान लावल्यासारखा वाकायचा आणि पोरांना सांगायचा, “वत आजून तांब्याभर, कोरडं बोलतंय.”

जन्म सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातला. नाव बिरोबाचं. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा बाप त्याला सोलापुरात एका आचाऱ्याकडं पाणी भरायला सोडून गेला. पाणी भरता भरता तो कांदा चिरायला लागला, कांदा चिरता चिरता प्यायला. पूनम बालवाडीत असताना एका लग्नात तो पिऊन जिलेबीच्या कढईवर गेला. डावा हात कोपरापर्यंत तेलात.

त्या हाताला रोज पट्टी बांधली ती शेजारच्या रत्नम्मानं. विड्या वळणारी, एकटी, तेलुगू बाई. येशूचं नाव घेत पट्टी बांधायची. हात बरा होईपर्यंत काम नाही, दारू नाही, करायचं काय? तिनं त्याला अक्षरं शिकवली. शिकवायला घरात एकच मराठी पुस्तक, बायबल. गंमत अशी की रत्नम्माला मराठी वाचता यायचं, पण निम्मं समजायचं नाही. बिरुदेव विचारायचा, “म्हंजे काय, आजी?” ती म्हणायची, “अर्थ माला नाय येत, बाबा. अक्षर येते. अक्षराखाली बोट ठेव. बोट उचलू नको. बोट उचललं की मानूस आपलं बोलतो.”

बिरुदेवनं बोट ठेवलं ते ठेवलंच. दारू सुटली, ती पुन्हा कधी लागली नाही. पुढं रत्नम्मा गेली. बोट राहिलं.

बाप्तिस्मा घेतला तसं गाव तुटलं. भावांनी सांगितलं, तू मेलास. एक माणूस तुटला नाही, तो तानाबाईचा धाकटा भाऊ कुंडलिक. आई लवकर गेली म्हणून तानाबाईनंच त्याला कडेवर वाढवलेला. तो यायचा. ज्वारीचं पोतं घेऊन, कधी घोंगडी घेऊन. पहिल्या वर्षी बिरोबाच्या जत्रेतल्या बकऱ्याचा वाटा घेऊन आला तेव्हा बिरुदेवनं डबा परत केला. देवापुढं ठेवलेलं खायचं नाही, असं त्याला वाचायला मिळालं होतं. दुसरा कुणी असता तर डबा उंबऱ्यावर फेकून गेला असता. कुंडलिक पुढच्या वर्षी पुन्हा डबा घेऊन आला.

“दाजी, हे येगळं बोकड हाय. देवाला दावलंच न्हाय. घरामागं कापलं. आन घिऊन सांगतो.”

“आन घिऊ नगंस. शपथ व्हायची न्हाय, लिवलंय.”

“बरं, आन घेत न्हाय. मग असंच सांगतो. देवाला दावल्यालं न्हाय. खावा आता.”

तेव्हापासून दर जत्रेला दोन बोकडं. एक बिरोबाचं आणि एक दाजींच्या बायबलाचं. गावात लोक त्याला हसायचे. तो म्हणायचा, हसा. माझी आक्का खाती, मला तेवढं बास.

ह्या माणसाला बोलवायचं नव्हतं.

*

बिरुदेव असा का झाला, हे तानाबाईला ठाऊक होतं, आणि पाळकसाहेबांनाही ठाऊक असणार.

त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमायची. पाळक जुन्या ख्रिस्ती घराण्यातले, आजोबांपासून कोटवाले. पूनमचं शिक्षण झालं तेव्हा पाळकांच्या बहिणीचा मुलगा लग्नाचा होता. रविवारी दोघांचं बोलणं व्हायचं, सगळी मंडळी बघत होती, कुणी काही म्हणत नव्हतं. बिरुदेवला वाटलं, आपण विचारावं. तो पुस्तक घेऊन गेला. ख्रिस्तात अमक्या जातीचा, तमक्या कुळाचा असा भेद उरत नाही, त्या ओळीखाली बोट ठेवून त्यानं पाळकांना विचारलं, “मग आमची पोरगी तुमच्या भाच्याला चालंल न्हवं?”

पाळक म्हणाले, “बिरुदेव, तिथं आत्मिक अर्थ घ्यायचा असतो.”

“म्हंजे?”

“म्हणजे देवासमोर आपण सगळे एक. पण व्यवहारात माणसाला आपापली रीत, आपापलं खाणंपिणं, घराणं... तू आचारी आहेस, तुला कळेल. सगळे पदार्थ चांगलेच, पण एका पातेल्यात नाही शिजवत आपण.”

पूनम तेव्हा जिन्यात चपला काढत होती. तिनं काढलेल्या चपला परत घातल्या.

सहा महिन्यांत भाच्याचं लग्न झालं. जेवणाची ऑर्डर बिरुदेवलाच आली, कारण सोलापुरात मटण त्याच्यासारखं कुणी करत नव्हतं. त्यानं घेतली. का घेतली, म्हणून तानाबाई आठवडाभर बोलली नाही. त्यानं एवढंच सांगितलं, “आपलं वाईट करनाऱ्याचं बरं करा, असं लिवलंय.” त्या दिवशीचं मटण लोक अजून आठवतात.

पण ‘अर्थ’ हा शब्द त्या दिवसानंतर त्याच्यासमोर कुणी काढला, की त्याचा चेहरा कढईत पाणी पडल्यासारखा व्हायचा.

आणि तानाबाईनं नेमकं काय करावं? ती पाळकांनाच घरी घेऊन आली.

*

“बस, बस, उठू नको,” पाळक म्हणाले आणि खुर्चीत बसले. “तानाबाईंनी सांगितलं मला. हे बघ बिरुदेव, तुझी तळमळ चांगली आहे. पण ती बोलण्याची पद्धत आहे. त्या काळचे लोक असंच बोलायचे. ‘हे नको, ते कर’ म्हणजे ‘नुसतं हेच नको, तेही कर’. आईवडिलांचा मान ठेवा असं त्याच पुस्तकात आहे की नाही? मग नातलगांना हाकला असं कसं असेल? गरिबांना बोलाव. मेव्हण्यालाही बोलाव.”

दाराशी उभ्या तानाबाईनं मान डोलावली. इतकं सरळ होतं. तिला आयुष्यात पहिल्यांदा पाळकांचं बोलणं पोटातून पटलं.

बिरुदेवनं पुस्तक उघडून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, “पाळकसाहेब, तुमच्या भाच्याच्या लग्नात वाढायला मीच हुतो.”

“हो, हो. अजून नाव काढतात.”

“आंधळं एकबी न्हवतं.”

“म्हणजे?”

“तुमी आता म्हनला, नुसतं हे नगं, तेबी करा. तेबी कुटं हुतं? सगळं हेच हुतं.”

“आता तो मुद्दा वेगळा आहे.”

“तुमचा मुद्दा कायम येगळा असतो ओ. उंटाचं आन् सुईच्या नाकाचं वाचलं, तुमी म्हनला ते एका बारक्या दरवाज्याचं नाव हाय, श्रीमंतानं घाबरायचं कारन न्हाय. जातीचं वाचलं, तुमी म्हनला आत्मिक. जितं तुमाला टोचतंय तितं अर्थ निघतोय. मला निस्तं अक्षर यातंय. टोचलं तर टोचू दे.”

“म्हणून तू तुझ्या बायकोला टोचणार?”

हे पाळक बरोबर बोलले. पण बोलले ते पाळक होते. बिरुदेवनं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “ताने, च्या टाक साहेबांना.”

पाळकांनी चहा घेतला नाही. जिन्यावरून उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला. तानाबाई भिंतीला टेकून बसली.

“माणूस खोटा हाय म्हणून त्याचं बोलनंबी खोटं व्हय?” ती म्हणाली. “खरं बोलला की आज.”

“आज खरं बोलला. त्या दिवशी बी असंच गोड बोलला हुता.”

“त्याचा राग माज्या भावावर का?”

“राग न्हाय.”

“मग काय हाय? कुंडलिकनं तुमच्यासाटी येगळं बोकड कापलं ओ. लोकांनी त्याला येड्यात काडलं. एक पाय फरफटत पोतं घेऊन येतोय माजा भाऊ, आन् त्याला तुमी...”

ती थांबली. बिरुदेवनं मान वर केली. दोघांच्या मनात एकदमच आलं असावं, पण बोलली ती.

“लंगडा हाय की त्यो.”

मोहोळला उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडल्यापासून कुंडलिक डाव्या पायानं लंगडत होता.

“लंगड्याला बोलवा असं लिवलंय न्हवं?” तानाबाई उठून उभीच राहिली. “मग बोलवा! दावा मला, पाव्हना असल्याला लंगडा चालत न्हाय असं कुटं लिवलंय. ठेवा बोट!”

बिरुदेवनं पुस्तक उघडलं. पान काढलं. बोट ठेवलं, हळूहळू पुढं सरकवलं, परत मागं आणलं. तानाबाई बोटाकडं वाकून बघत होती. आत पूनम कपाळाला हात लावून बसली होती.

“न्हाय लिवल्यालं,” शेवटी तो म्हणाला. “बोलीव त्याला. लंगडा म्हनून.”

तानाबाईनं देवाचे आभार मानले, मोठ्यानं. पूनम बाहेर आली.

“आई, तुला कळतंय का तू काय केलंस? मामाला लंगडा म्हटलेलं चालत नाही. गेल्या वर्षी बाजारात एकानं म्हटलं, तर काठी घेऊन त्याच्या अंगावर धावला होता. आपल्या घरात आपण त्याच्यासमोर ‘पाय’ शब्दसुद्धा काढत नाही.”

“त्याला कोन सांगतंय? आपल्या तिघातलं हाय.” तानाबाई नवऱ्याकडं वळली. “सांगायचं न्हाय तुमी. ऐकलं का? बोलवनं मी करती. तुमी गप ऱ्हायचं.”

“मी हून सांगनार न्हाय.”

“हून न्हाय म्हंजे?”

“त्यानं इचारलं तर खोटं बोलनार न्हाय. व्हय ला व्हय, न्हाय ला न्हाय. तेबी लिवलंय.”

“त्यो कशाला इचारतोय?” तानाबाई म्हणाली आणि मोबाईल शोधायला लागली.

फोनवर कुंडलिकचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू आला. “आक्का! मला वाटलं हुतं आमाला गाळत्यात का काय! गावातनं आनि कुनाकुनाला हाय?”

“कुनालाच न्हाय. तुलाच एकट्याला.”

पलीकडून मग अगदी हळू, “मला एकट्याला? दाजी म्हनले असं?”

“व्हय,” तानाबाई म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात. फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले.

*

लग्नाच्या दिवशी कुंडलिक आला तो नवा पिवळा फेटा बांधून. खांद्यावर जावयासाठी घोंगडी, हातात पूनमची साडी, आणि काठी अशी धरलेली की टेकायला नाही, मिरवायला आणलीय असं वाटावं. हॉलमध्ये लग्न लागताना तो जाऊन पूनमच्या मागं उभा राहिला. मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं, हे मंडळीच्या कुठल्याच रीतीत नव्हतं. पाळकांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि पुढं वाचत राहिले. पूनमनं मागं हात नेऊन त्याच्या धोतराचं टोक क्षणभर धरलं.

जेवण खाली, मैदानात. मांडवाच्या एका अंगाला नवऱ्या मुलाची माणसं, टेबलखुर्च्यांवर. दुसऱ्या अंगाला बिरुदेवचे पाहुणे, भारतीय बैठक, पत्रावळ्या. स्टेशनाबाहेर बसणारे, वसाहतीतले कुष्ठरोगी, दोन कुबड्यांवाले, एक बाई जिला दिसत नव्हतं आणि तिला धरून आणणारी दुसरी जिला चालता येत नव्हतं. बिरुदेवनं प्रत्येकाकडं स्वतः जाऊन बोलवणं केलं होतं. काहींनी अंघोळ करून नवे शर्ट घातले होते. शर्टांवरच्या घड्या मोडल्या नव्हत्या.

“मालक,” आंधळा शिवयोगी म्हणाला, तो स्टेशनवर कंगवे विकायचा, “अन्नदानाला रोज जेवतो आमी. लग्नाचं बोलवनं पयल्यांदाच. म्हनून दाढी केलीय. बगा तरी नीट झालीय का, मला तर दिसत न्हाय.”

सगळे हसले. बिरुदेवनं त्याच्या गालावरून हात फिरवला. “झालीय. कानापाशी जरा ऱ्हायलीय.”

त्या दिवशी बिरुदेवसारखा सुखी माणूस सोलापुरात नव्हता. तो स्वतः वाढत होता. बोटं नसलेल्या हातांना घास घेता यावा म्हणून त्यानं मटणाचे तुकडे बारीक केले होते, भात मऊ ठेवला होता. पलीकडच्या टेबलावर नवऱ्याची आत्या सिद्धरामला हळूच विचारत होती, पाण्याचे ग्लास वेगळे आहेत ना. तिकडचे दोघंतिघं तर ताट घेऊन रस्त्यावर उभं राहून जेवले. पाळकांनी प्रार्थना केली, दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय म्हणाले आणि डबा बांधून घेऊन गेले.

कुंडलिक मांडवाच्या मधोमध उभा. मामाचा मान कुठं असतो, ते तो शोधत होता. टेबलांकडं वळला, तोच बिरुदेवनं हाक मारली.

“कुंडलिक, तुजी जागा हितं.”

शिवयोगीच्या शेजारी पत्रावळ मांडलेली होती. कुंडलिकनं एकदा टेबलांकडं पाहिलं, एकदा पंगतीकडं, आणि हसून बसला. डावा पाय दुमडेना, तो त्यानं धोतराखाली झाकला. तानाबाई जिलेबीचं ताट घेऊन लगोलग आली.

“घे, कुंडलिक. गरम हाय.”

“घेतो की, आक्का.” मग शेजाऱ्याला म्हणाला, “मी नवरीचा मामा.”

“आसं व्हय?” शिवयोगी म्हणाला. “मग हिकडं गोरगरिबांत कसं काय बसला?”

“दाजींनी बसवलं. आमचं दाजी येगळंच हाईत. सगळी भावकी गाळली ओ, सख्खं भाऊ गाळलं, आन् मला एकट्याला बोलावलं.”

“का बरं?”

“आता ते त्यांनाच इचारा.” त्याचा आवाज चढला होता. त्याला ते चार लोकांत ऐकायचं होतं. आयुष्यात त्यानं एवढंच मागितलं असेल. “दाजी! ओ दाजी! हे पाव्हनं इचारत्यात, कुंडलिकलाच का बोलावलं? सांगा की जरा.”

बिरुदेव भाताचं पातेलं धरून उभा राहिला.

“जेव की आदी,” तानाबाई म्हणाली. “गार हुतंय. जेव.”

“जेवतो गं. सांगू दे की त्यांना. सांगा, दाजी.”

“जेव, कुंडलिक,” बिरुदेव म्हणाला.

“लाजत्यात,” कुंडलिक पंगतीला म्हणाला. पंगत हसली. “न्हाय, आज सांगाच. का म्हनून बोलावलं मला?”

तानाबाईनं ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं बिरुदेवचा सदरा मागून धरला. नव्या जावयासोबत उभ्या असलेल्या पूनमला लांबून फक्त एवढं दिसलं, की आईनं सदरा धरलाय आणि सदरा ताणला गेलाय.

“तू लंगडा हाईस म्हनून,” बिरुदेव म्हणाला.

शिवयोगी खो खो हसला. कुंडलिकही हसला. “चेष्टा करत्यात दाजी.”

“चेष्टा न्हाय. भाऊ, सोयरा बोलवायचा न्हाय असं शास्त्रात हाय. लंगडा बोलवावा असं हाय. मला सुचलं न्हवतं. तुज्या आक्कानं दावून दिलं.”

हे बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाण्यात किती मीठ आहे हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. शिवयोगीचं हसणं मधेच तुटलं. पंगतीतली बोटं नसलेली म्हातारी शेजारणीला काहीतरी विचारत होती, तिनं विचारणं थांबवलं.

कुंडलिकनं तानाबाईकडं पाहिलं. “आक्का? तू?”

“अरं, तू यावास म्हनून... दुसरा रस्ता न्हवता, कुंडलिक. तुज्याबिगर कसं...”

त्यानं हातातली जिलेबी पत्रावळीवर परत ठेवली. कडेला, कुणाला लागू नये अशी. मग उठला. उठताना पाय अडकला, शिवयोगीनं आधाराला हात पुढं केला, तो त्यानं धरला नाही. काठी टेकली नाही. बगलेत मारली आणि चालायला लागला. काठीशिवाय तो जास्तच लंगडत होता, आणि सगळा मांडव ते बघत होता. पूनम धावत पुढं आली, “मामा!” म्हणाली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, फेटा सारखा केला आणि कमानीखालून बाहेर पडला.

बिरुदेव भाताचं पातेलं घेऊन तिथंच. त्यातून वाफ येत होती.

“त्यानं इचारलं,” तो तानाबाईला म्हणाला. “तीनदा इचारलं त्यानं. मी खोटं बोलायला पायजे हुतं का?”

तानाबाईनं जिलेबीचं ताट बघितलं.

“ताने, मी तुला इचारतोय. खोटं बोलायला पायजे हुतं का मी? सांग की. ह्या मानसांच्या म्होरं सांग.”

तिनं ताट शिवयोगीच्या मांडीवर ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि पंगतीच्या मधून, पत्रावळ्या चुकवत, कमानीकडं चालू लागली. बिरुदेवनं दोनदा हाक मारली. ती वळली नाही.